प्रेमात पडल्यावरही आपलं आपण कसं राहावं: ठाणे-नवी मुंबईच्या जोडप्यांसाठी

लग्न ठरलेल्या, नुकतंच झालेल्या किंवा घरी सांगायचं अजून बाकी असलेल्या जोडप्यांशी बोलण्याचं काम मी करते. ठाण्यातले येतात, खाडीपलीकडून नवी मुंबईतलेही येतात. भांडणं घेऊन येणारे बरेच असतात, पण मला जास्त काळजी वाटते ती न भांडणाऱ्यांची. घणसोलीची मुलगी म्हणते, "आमचं काहीच बिनसलेलं नाही, पण मी कुठे गेले तेच कळत नाही." वर्तकनगरचा मुलगा म्हणतो, "मला काय आवडतं असं विचारलंत तर आता पटकन सांगता येत नाही." कोणी कोणावर जबरदस्ती केलेली नसते. एकेक छोटी गोष्ट सोडलेली असते आणि सोडताना बरंही वाटलेलं असतं.

प्रेमात माणूस बदलतो आणि त्यात वाईट काही नाही. आर्थर अ‍ॅरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजमधल्या मुलामुलींना त्यांनी ठराविक अंतराने "आज तुम्ही कोण आहात?" असं विचारलं. मधल्या काळात जे प्रेमात पडले, त्यांनी स्वतःचं वर्णन आधीपेक्षा जास्त अंगांनी केलं. म्हणजे प्रेमाने माणूस वाढतो. अडचण येते ती नवं जोडताना जुनं पुसलं जातं तेव्हा.

माझा अनुभव असा की स्वतःची ओळख नुसती मनात जपून ठेवता येत नाही. आठवड्याच्या वेळापत्रकात, बँकेच्या खात्यात, मित्रांच्या यादीत आणि कागदपत्रांवर तिला जागा लागते. ती जागा नसेल तर मनातली ओळख हळूहळू विरून जाते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या अगदी व्यवहाराच्या आहेत.

पहिली पायरी: काय उरलंय ते आधी पाहा

तासभर एकटे बसा. कागद-पेन घ्या, फोनवर नको. गेल्या चार शनिवार-रविवारी कुठे गेलात आणि ते कोणी ठरवलं, ते लिहा. जोडीदार, घरचे आणि ऑफिस सोडून शेवटचे फोन कोणाला केलेत ते कॉल लॉगमध्ये बघून लिहा. स्वतःला आवडलं म्हणून शेवटचा खर्च कशावर केलात ते यूपीआयच्या हिशेबात दिसेल, तेही लिहा. शेवटी, दोन वर्षांपूर्वी तुम्ही जे करत होतात आणि आता करत नाही, अशा गोष्टींची यादी करा.

आता या शेवटच्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: सुटलं, सोडलं किंवा सोडायला लावलं. हा भाग घाईने करू नका. डोंबिवलीहून खारघरला राहायला आल्यावर गाण्याचा क्लास लांब पडला, तर तो सुटला. त्याचा दोष जोडीदाराच्या माथी मारण्यात अर्थ नाही. मांसाहार तुम्ही मनापासून सोडला असेल तर तो सोडला, त्याची खंत नको. पण "तुझ्या त्या मैत्रिणी मला आवडत नाहीत" हे पुन्हा पुन्हा ऐकून भेटणं थांबवलं असेल, तर तिथे तिसरा शब्द लिहावा लागेल, लिहिताना हात अडखळला तरी. पहिल्या प्रकारावर उपाय वेळापत्रकात सापडतो. तिसऱ्या प्रकाराला बोलावंच लागतं, आणि कधी कधी मदतही घ्यावी लागते.

काहींचा कागद कोरा राहतो. आपल्याकडे शाळा, क्लास, इंजिनिअरिंग, नोकरी आणि मग लग्न अशी सरळ ओळ असते. स्वतःला काय हवं हे शोधायला मध्ये उसंतच मिळालेली नसते. अशा वेळी ओळख हरवलेली नसते, ती घडायचीच राहिलेली असते. मग जुनं शोधत बसू नका, नवं करून पाहा. तीन महिने एक गोष्ट करा, नाही रुचली तर दुसरी.

दुसरी पायरी: वार, वेळ आणि जागा ठरवा

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानते.

आपल्या भागातला दिवस डोळ्यांसमोर आणा. ऑफिस ऐरोलीला, घर घोडबंदर रोडला, किंवा नोकरी ठाण्यात आणि बिऱ्हाड पनवेलला. ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर संध्याकाळी सातला उभं राहिलं की कळतं, लोकांच्या अंगात घरी जाऊन जेवण्यापुरतंच बळ उरलेलं असतं. उरला शनिवार-रविवार, तो दोघांचा आणि दोन्ही घरांचा. या हिशेबात स्वतःचा वेळ आपोआप शून्य होतो. कोणी तो काढून घेत नाही, तो मांडलेलाच नसतो.

म्हणून आठवड्यातले दोन-तीन तास मांडा. "कधीतरी पुन्हा वाचायला लागेन" ही नुसती इच्छा झाली. "बुधवारी संध्याकाळी सात ते नऊ, मराठी ग्रंथ संग्रहालय" ही योजना झाली. ठाण्याचं हे ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे. स्वतःच्या नावाने तिथे सभासद होणं, स्वतः पुस्तक निवडणं, ते परत करायला स्वतः जाणं, यात मोठं समाधान आहे. नाटक आवडत असेल तर गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह. महिन्यातून एकदा एकट्याने तिकीट काढून बघा. पहाटे उपवनला किंवा येऊरला चालणारे गट आहेत. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, तिथे नवीन माणसांना घेतात. नवी मुंबईत थंडीपासून मे महिन्यापर्यंत खाडीत रोहित पक्षी असतात. दुर्बीण घेऊन भरती-ओहोटीच्या वेळा पाहत हिंडणारी माणसं मला नेहमी ताजीतवानी दिसतात.

शक्यतो घराबाहेरचं काही निवडा. वन बीएचकेमध्ये "माझा वेळ" म्हणून खोलीचं दार लावलं, की बाहेरच्याला ते आपल्या तोंडावर लावल्यासारखं वाटतं आणि आतल्याचा जीव कुकरच्या शिट्ट्यांत अडकलेला राहतो.

आता हे सांगायचं कसं? इथेच बहुतेकांची गाडी अडते. "बुधवारी मी क्लासला गेले तर चालेल ना रे तुला?" असं विचारलंत की तुमचा बुधवार दुसऱ्याच्या हातात गेला. त्याने भलेपणाने हो म्हटलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावं लागणार. त्याऐवजी असं सांगून पाहा: "दर बुधवारी मी ऑफिसमधून थेट क्लासला जाणार आहे. साडेनऊपर्यंत घरी येते. त्या दिवशीचं जेवण तू बघशील का, की येताना मी काही घेऊन येऊ?" यात माहिती पक्की आहे आणि विचारलंय ते फक्त जेवणाचं. आवाज मऊच ठेवा. आपल्या घरांत विचारून करणं हा आदर समजला जातो, तेव्हा नुसती घोषणा केली तर ती टोचते.

उत्तर बहुतेक वेळा प्रेमाचंच येतं: "मग मीपण येतो ना!" नाही म्हणायला जड जातं, तरी म्हणा. "रविवारी आपण दोघं तलावपाळीला जाऊ. बुधवारचं माझं एकटीचं राहू दे." एवढं पुरे. कारणांची माळ लावलीत की प्रत्येक कारणावर उत्तर येतं.

याच पायरीचा दुसरा अर्धा भाग आहे कामांचा, आणि तो सोडला तर पहिला टिकत नाही. कोपरीचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. ती शास्त्रीय गाणं शिकत होती, लग्नानंतर बंद पडलं. तो कळवळून म्हणत होता, "मी कधी नाही म्हटलं? जा म्हटलं तरी जात नाही." मी तिला बुधवारची संध्याकाळ तासातासाने सांगायला सांगितली. सातला घरी, मग कणिक, भाजी, सासऱ्यांची औषधं, साडेनऊला जेवणं, ओटा, उद्याच्या डब्याची तयारी. तो गप्प झाला. मग फोन काढून कॅलेंडरमध्ये बुधवारी लिहिलं, "तिचा क्लास". मी म्हटलं, त्याच्या खाली अजून एक ओळ हवी. त्याने थोडा विचार करून लिहिलं, "मी: भाजी, पोळ्या बाहेरून, बाबांच्या गोळ्या, डबे." त्या दुसऱ्या ओळीमुळे क्लास सुरू झाला. परवानगी तिला आधीही होती, मोकळीक नव्हती.

घरात सासू-सासरे असतील तर हा बदल त्यांना कोणी सांगायचा? ज्याचे आई-वडील, त्याने. "आई, बुधवारी ती उशिरा येईल, स्वयंपाक मी बघतोय," हे मुलाच्या तोंडून आलं की विषय तिथेच संपतो. सुनेच्या तोंडून आलं की तो महिनाभर चालतो. जावयाच्या बाबतीतही तेच: त्याच्या ट्रेकच्या रविवारी माहेरी जेवायला न जाण्याचं मुलीने स्वतः आईला कळवावं.

तिसरी पायरी: आपली माणसं आपली ठेवा

जोडीच्या मित्रांचा ग्रुप छान असतो, पण त्यात तुम्ही नेहमी कोणाचे तरी जोडीदार असता. लग्नाआधीपासून तुम्हाला ओळखणारी दोन माणसं तरी एकट्याने भेटायची ठेवा. महिन्यातून एकदा राम मारुती रोडवर चहा, किंवा नुसता अर्ध्या तासाचा फोन, एवढंही पुष्कळ झालं. मुलांनी इथे जास्त लक्ष द्यावं. कित्येक पुरुषांची मैत्री क्रिकेट आणि कट्ट्यावर उभी असते. कट्टा सुटला की मनातलं बोलायला बायकोशिवाय कोणी उरत नाही आणि सगळा भार तिच्या एकटीवर येतो.

आपल्या भांडणातलं काय बाहेर सांगायचं आणि काय नाही, हे दोघांनी आधीच ठरवून घ्या. मैत्री जपायची म्हणजे जोडीदाराची उणीदुणी वाटत फिरायचं असं नव्हे.

चौथी पायरी: फोन

पासवर्ड देणं हे प्रेमाचं प्रमाणपत्र झालं आहे आणि मला ते मुळीच पटत नाही. तुमच्या फोनमध्ये तुमच्या मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेलंही असतं. ते उघडून दाखवायचा हक्क तुम्हालाही नाही.

खासगी आणि लपवलेलं यांत फरक कसा करायचा? ज्या गोष्टीने जोडीदाराच्या आयुष्यावर परिणाम होतो, ती लपवायची नाही: कर्ज, आजार, दुसरं नातं, नोकरी जाणं. बाकीचं तुमचं खासगी आहे. अडीअडचणीसाठी एकमेकांच्या फोनमध्ये आपत्कालीन संपर्क नोंदवून ठेवा, ते पासवर्ड न सांगताही करता येतं. लाइव्ह लोकेशन रात्री उशिरा शिळफाट्यावरून एकट्याने येताना जरूर द्या, घरी पोहोचल्यावर बंद करा. ते दिवसभर चालू ठेवायचा आग्रह आणि ब्ल्यू टिकवरून जाब विचारणं सुरू झालं, तर सातवी पायरी वाचा.

पाचवी पायरी: पैसा

प्रेमाच्या गप्पांत पैसा आणणं अनेकांना हलकं वाटतं. पण महिनाअखेर स्वतःच्या मनाने खर्च करायला चार पैसे नसले, की स्वतःचं मतही हळूहळू गप्प होतं. म्हणून तीन खाती ठेवा: तिचं, त्याचं आणि घराचं.

घराच्या खात्यात किती टाकायचे? समजा एकीच्या हातात ६०,००० रुपये येतात, दुसऱ्याच्या ४०,००० आणि घरखर्च आहे ५०,०००. अर्धा-अर्धा केला तर दोघांचे २५,००० जातात. तिच्याकडे ३५,००० उरतात, त्याच्याकडे १५,०००. वरवर हे समान दिसतं, पण कमी कमावणारा कायम हात आखडता घेऊन जगतो. पगाराच्या प्रमाणात केलं तर तिचे ३०,००० आणि त्याचे २०,००० जातात आणि उरतातही तसेच, तिच्याकडे ३०,००० आणि त्याच्याकडे २०,०००. मला हीच पद्धत न्याय्य वाटते. उरलेल्या पैशांचा हिशेब एकमेकांना मागायचा नाही, हा नियम दोघांनीही पाळायचा.

एकजण कमावत नसेल तर दर महिन्याला ठरलेली रक्कम त्या व्यक्तीच्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. "लागतील तसे माग" ही सोय वाटते, पण मागणाऱ्याला ती रोज छोटं करते.

संयुक्त खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं असेल तर दोघांपैकी कोणीही एकटा सगळी रक्कम काढू शकतो. तिथे महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवावेत. घराचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तर फेडायची जबाबदारीही दोघांची आणि प्रत्येकाची पूर्ण असते. तेव्हा हप्ता भरणाऱ्याचं नाव घराच्या अ‍ॅग्रीमेंटवर आणि इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. "आपलंच घर आहे, नाव कोणाचं का असेना" हे वाक्य ज्याचं नाव कागदावर असतं त्यालाच सुचतं.

लग्नातले मुलीचे दागिने हे तिचं स्त्रीधन. ते तिच्या एकटीच्या मालकीचं आहे, नवरा किंवा सासरच्यांनी सांभाळायला घेतलं तरी मालकी बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केलं आहे. लॉकर घेताना त्यावर तिचं नाव असू द्या.

सहावी पायरी: नाव, ताट आणि सण

लग्नानंतर बायकोने आडनाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा भारतात नाही. पासपोर्ट, पॅन, आधार, बँक, सगळं जन्मनावाने चालू राहू शकतं. बदलायचं असेल तर आनंदाने बदला, पण सगळीकडे बदला. पॅनवर एक, आधारवर दुसरं, पगाराच्या खात्यावर तिसरं असं अर्धवट झालं की पुढे प्रत्येक कामाला तोच घोळ निस्तरावा लागतो. हा निर्णय लग्नाआधी, शांतपणे आणि दोघांनीच घ्या. हॉलमध्ये नातेवाइकांच्या गराड्यात तो होऊ देऊ नका. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. तेव्हा आईचं नाव कोणतं, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

ताटाबद्दल एवढंच: जो जे खातो ते त्याला खाऊ द्या आणि शिजवण्याचा प्रश्न वेगळा सोडवा. गणपतीला पहिले दोन दिवस कुठे, गौरींना कुठे, हे जुलैमध्येच ठरवून टाका. आरतीच्या आदल्या रात्री नको.

सातवी पायरी: विरोध झाला तर

जागा मागितली की समोरचा माणूस थोडा हलतोच. एखादा दिवस रुसवा, "तुला आता मी नकोशी झालेय का?" असा प्रश्न, हे सगळं माणूसपणाचं आहे. तेव्हा आपला निर्णय मागे घेऊ नका आणि ताठही होऊ नका. मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबांचा अभ्यास करताना हेच मांडलं होतं: जवळ राहूनही स्वतःचा विचार शाबूत ठेवता येणं ही प्रौढपणाची खूण आहे, विरघळून जाणं आणि तोडून टाकणं ही दोन्ही त्यातली अपुरेपणाची टोकं. म्हणून बुधवारी क्लासला जाच, आणि घरी आल्यावर आज काय शिकलात ते स्वतःहून सांगा. कोणत्याही उपदेशापेक्षा त्याने भीती लवकर जाते.

पण काही गोष्टी रुसव्यात बसत नाहीत. मित्रांशी बोलणं तोडायला लावणं, पगाराचं कार्ड काढून घेणं, नोकरी सोडायला भाग पाडणं, दर तासाला फोटो मागणं, "गेलीस तर जिवाचं काही करून घेईन" अशी धमकी, हात उगारणं. हे नियंत्रण आहे आणि ते समजूतदारपणे घेऊन कमी होत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक छळाबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचं संरक्षण आहे. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, तातडीच्या प्रसंगी ११२. मनावर ताण असह्य झाला असेल तर स्त्री असो वा पुरुष, १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे नातं संपल्याचं जाहीर करणं नव्हे, आणि जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने जावं.

आठवी पायरी: समोरच्याचा कागद

हे सगळं स्वतःसाठी केलंत की पहिल्या पायरीतला कागद जोडीदारालाही द्या. तोही तसाच एकट्याने भरू द्या, आणि त्याने दाखवला तरच वाचा. त्यात तुमच्यामुळे सुटलेलं काही सापडेल तेव्हा लगेच सफाई देऊ नका. "हे परत सुरू करायला माझ्याकडून काय लागेल?" एवढंच विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

दर तीन महिन्यांनी दोघांनी मिळून पाहणी करा. घरात बसून नको. तलावपाळीला किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये चालता चालता करा, नजरेला नजर भिडवायची नसली की अवघड गोष्टी सोप्या होतात. प्रश्न दोनच ठेवा: तुझी वेळ तुला मिळाली का? आणि मी काही सोडायला लावलं का? बरेच बुधवार हुकले असतील तर कोणाचं चुकलं याचा काथ्याकूट करू नका. बुधवार नसेल जमत तर गुरुवार धरा, सात नसेल जमत तर सकाळचे सहा, आणि कॅलेंडरमध्ये त्या दिवसाखालची दुसरी ओळ तिथल्या तिथे बदलून घ्या.